लांडग्यावर हरकत

जयराजच्या लग्नात सगळं वेळेवर झालं, तिथंच खरी गडबड झाली. अक्षता वेळेवर पडल्या, पंगती वेळेवर उठल्या, आटपाडीकडून निघालेली वऱ्हाडाची गाडी आष्ट्यात उजेडी पोचली. ‘ज्या लग्नात काही बिनसत नाही, त्याचं बिनसायचं राहिलेलं सगळं उंबरठ्यावर येऊन बसतं,’ असं त्याची आजी तानुबाई म्हणायची. आता जयराज त्याच उंबरठ्यासमोर उभा होता. पायात करकरणारे बूट, डोक्याला फेटा, शेजारी मान खाली घातलेली शिवांजली, समोर तांदळानं काठोकाठ भरलेलं माप, आणि मापाच्या पलीकडं चौकटीला दोन्ही हात लावून उभी असलेली त्याची धाकटी बहीण अंकिता.

बहिणीनं दार अडवायचं ही रीत जुनीच. नवऱ्यानं उखाण्यात नवरीचं नाव घ्यायचं, बहिणीला काहीतरी कबूल करायचं, मग बहिणीनं आढेवेढे घेत बाजूला व्हायचं आणि नवरीनं उजव्या पायानं माप लवंडून आत यायचं. जयराजनं उखाणा चांगला घोकून ठेवला होता. त्यात ऊस होता, बेदाणा होता, जिल्ह्यातलं कुठलंही पीक नाराज होऊ नये याची त्यानं काळजी घेतली होती.

त्यानं घसा खाकरला.

“उखाणा नको,” अंकिता म्हणाली. “कोडं घालणार हाय.”

जयराजचा उखाणा तोंडातच राहिला.

“घाल की!” मागून शिवांजलीचे मामा गरजले. “आमचं जावाई कोड्यातलं वाघ हायत वाघ!”

शिवांजलीनं मान वर न करता हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत म्हटलं, “यांना लगेच येतंय.”

आणि इथंच जयराजला दरदरून घाम फुटला. कारण त्याला लगेच येत नव्हतं. उशिरानंही येत नव्हतं. लहानपणी शाळेत गुरुजींनी ‘सांग पाहू’ म्हटलं की तो ‘पाहू’ एवढंच म्हणायचा.

झालं होतं असं. अंकिता गेली काही वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होती. अभ्यास इतका अंगात भिनला होता, की आमटी कशी झालीय असं विचारलं तरी ती चार पर्याय मागायची. जयराजचं लग्न ठरवायचं ठरलं तेव्हा त्याचा बायोडाटा तिनंच टाइप केला. वॉशिंग सेंटर, बागायत, निर्व्यसनी, सगळं झालं. ‘छंद’ या शब्दापुढं गाडी अडली.

“दादा, तुझा छंद काय?”

“झोप.”

“झोप लिवता येत न्हाई.”

“मग ऱ्हाऊ दे मोकळं.”

मोकळी जागा ठेवली तर गुण जातात, या शिकवणीत वाढलेल्या अंकितानं तिथं लिहून टाकलं: ‘कोडी सोडवणे, चालू घडामोडींवर चिंतन.’ स्वतःच्या बायोडाट्यासाठी राखून ठेवलेलं वाक्य तिनं भावासाठी खर्ची घातलं.

सुपारी फुटली त्याच रात्री शिवांजलीचं पहिलं कोडं व्हॉट्सॲपवर येऊन पडलं. जयराजनं ते दोनदा वाचलं, फोन उलटा ठेवला, परत सुलटा केला, आणि सरळ अंकिताला पाठवलं. तिचं उत्तर आलं. ते त्यानं उचलून शिवांजलीला धाडलं आणि खाली स्वतःचं म्हणून एकच वाक्य घातलं: ‘सोपं होतं.’

मग रोज रात्री एक कोडं. कोडी भारी असायची, फक्त प्रत्येकात मेंढरं असायची. अमुक इतकी मेंढरं, त्यातली काही काळी. दोन वाड्यांत मेंढरं, एकातलं एक दुसऱ्यात गेलं तर काय होईल. “वहिनीला मेंढरांचा लय नाद दिसतोय,” अंकिता म्हणायची, “पण डोकं मात्र तलवार हाय गड्या. असलं माणूस घरात येतंय म्हंजे मजा हाय.” फुकट मात्र ती काही करत नव्हती. “लग्न झालं की वरची खोली तुला,” असं जयराजनं कबूल केलं होतं. “हवेशीर हाय. कर किती करायचा त्यो अभ्यास.”

लग्न झालं की वरची खोली लागणार कुणाला, हा विचार त्याच्या मनात आला नाही. तो त्याच्या वडिलांच्या मनात आला. आकाराम, म्हणजे जयराजचे आबा, फौजेतून हवालदार होऊन रिटायर झालेले. त्यांनी खोलीला गुलाबी रंग मारला, नवा पलंग आणला, पलंगाला झेंडूच्या माळा सोडल्या आणि अंकिताची पुस्तकं शिस्तीत चळत लावून जिन्याखाली हलवली. परवा रात्री अंकितानं ती चळत बघितली. ती काहीच बोलली नाही. अंकिता बोलत नाही तेव्हा घरात सगळे लिंबू-मिरची शोधायला लागतात.

“तर प्रश्न असा हाय,” अंकितानं सुरुवात केली. “दोघांपैकी कुणीबी उत्तर द्या. मी अडवणार न्हाई.”

हे ऐकून शिवांजलीची बांगडी का कोण जाणे खळ्ळकन वाजली.

“एक मेंढपाळ हाय. त्याच्यासंगट एक लांडगा, एक मेंढी आन् एक कडब्याची पेंढी. त्याला नदी पार करायची हाय. नाव एवढीशी. एका खेपेला त्यो आन् संगट एकच. मागं लांडगा आन् मेंढी ऱ्हायली तर लांडगा मेंढीला खाणार. मेंढी आन् पेंढी ऱ्हायली तर मेंढी पेंढी खाणार. तर सगळी पलीकडं कशी जातील? किती खेपा?”

हे कोडं जयराजनं पूर्वी कुठंतरी ऐकलं होतं. उत्तरात कुणाला तरी परत आणायचं असतं एवढं त्याला आठवत होतं. कुणाला, ते आठवत नव्हतं. त्यानं चेहऱ्यावर चिंतन आणलं. मग उपरण्याच्या आड फोन काढला आणि चार महिन्यांच्या सवयीनं हात आपोआप चालला. कोडं जमेल तसं टाइप झालं, पाठवलं गेलं.

टुंग.

अंकिताच्या हातातला फोन वाजला. तिनं बघितलं. मग भावाकडं बघितलं. कुणाकडं मदत मागितलीय हे जयराजच्या ध्यानात यायला तेवढा वेळ पुरला.

“बाहेरची मदत चालणार न्हाई,” अंकिता थंडपणे म्हणाली.

तेवढ्यात मागून आणखी एक आवाज झाला. ढोलाचा कडकडाट आणि त्यावर कुणीतरी ‘हुर्र्र्’ म्हणत मेंढरं हाकतंय, असा. तो बिराप्पा मामांचा मेसेज आल्याचा आवाज होता. जयराजनं सहज मागं बघितलं. मामांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, “भाचीचं हाय. हितं तर हुबी ऱ्हायलीया, मेसेज कशाला करतीया?” असं पुटपुटले आणि फोन मुंडीछाट बंडीच्या खिशात टाकला. जयराजनं शेजारी बघितलं. शिवांजलीच्या पदराखाली काहीतरी निळसर उजेड पडला होता, तो लगेच विझला.

पण यावर विचार करायला सवडच मिळाली नाही, कारण मामा पुढं आले होते.

बिराप्पा मामा हे शिवांजलीचे पाठराखे. नवरीसोबत पहिल्या रात्री माहेरचं एक माणूस येतं. बहुतेक ठिकाणी ही आजी नाहीतर मावशी असते. शिवांजलीसोबत मिशी आली होती. मामांचा मेंढरांचा मोठा कळप. निम्मं वर्ष रानात, निम्मं फोनवर.

“माजी हरकत हाय,” मामा म्हणाले.

“कशावर?” अंकितानं विचारलं.

“लांडग्यावर. मेंढपाळाकडं लांडगा कशाला आला?”

“मामा, ते कोडं हाय.”

“आसंल. पर आमच्या चार पिढ्या मेंढरामागं गेल्या. लांडगा बगितला की आमी काठी घिऊन पळतो, नावंत घिऊन बसत न्हाई. आन् एक मेंढी? एका मेंढीचा मेंढपाळ कुटं बगितलास पोरी? त्याला मेंढपाळ न्हाई, पाव्हणा म्हणत्यात.”

वऱ्हाडात खसखस पिकली. अंकिताचे कान लाल झाले. पण परीक्षेचं माणूस चिडत नाही, नियम काढतं. “हरकत घ्यायची आसंल तर पुराव्यासकट घ्यायची. नुसतं तोंडी चालत न्हाई.”

“मामा,” जयराज काकुळतीला येऊन म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. उत्तर म्हायती आसंल तर सांगून टाका आन् आत जाऊ.”

“उत्तर म्हायती हाय की!” मामांनी छाती ठोकली. “पर चुकीच्या प्रश्नाला बरूबर उत्तर देणारा माणूस म्या न्हवं. तुमी गप बसलाय त्ये उगं न्हाई, जावाईबापू. तुमास्नीबी त्यो लांडगा खटकला. व्हय का न्हाई?”

“लय खटकला,” जयराज म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसण्याला कुणीतरी हुशारी म्हटलं होतं.

शेजारचे आप्पासो एव्हाना रांगोळीवर येऊन उभे राहिले होते. दिवसभर बातम्यांचं चॅनल मोठ्या आवाजात लावून सगळ्या गल्लीला देशाची काळजी करायला लावणारा हा माणूस. “माजा प्रश्न येगळाच हाय,” ते म्हणाले. “नाव कशाला? पूल कुटं गेला?”

“कसला पूल?”

“नदी हाय म्हंजे पुलाला निधी आला आसणार. त्यो कुटं गेला? ह्यावर कुणी बोलत न्हाई. लांडगा-मेंढी, लांडगा-मेंढी करून मूळ मुद्द्यावरनं लक्ष उडवायचं. लांडग्याच्या मागं कोण हाय, त्ये बगा.”

“लांडग्याच्या मागं मेंढी हाय,” तानुबाई आतून ओरडली. ती ओवाळणीचं ताट घेऊन कधीची उभी होती आणि निरांजनात दोनदा तूप घालून झालं होतं. “आन् म्या म्हंते, लांडगा खाईलच कशावरनं? सुधारला आसंल. माज्या मालिकेतली ती सासू बगा. सुनेला इख घातलं, जिन्यावरनं ढकललं, आन् आता तिच्याच बारशाला पेढं वाटतीया. आठ दिसांत सुधारली. लांडग्याला कळत न्हाई व्हय एवढं?”

“आजी, ते सीरियल हाय!”

“मग हे काय हाय? ह्येबी खोटंच की!”

आबा इतका वेळ सावधान स्थितीत उभे होते. जयराजला वाटलं, हा माणूस तरी आता हुकूम सोडेल आणि सगळ्यांना आत घेईल. “आबा, सांगा की अंकीला. मागच्या दारानं तरी जाऊ द्या.”

“मागच्या दारानं?” आबांनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू त्यानं चौकी सोडून पळायची परवानगी मागितली. “चौकीवर संतरी हुबा हाय. संतरीनं परवलीचा शब्द इचारलाय. शब्द सांगितल्याबिगर आमच्या जनरल साहेबालाबी आत सोडलं नव्हतं आमी. तीन तास पावसात हुबा हुता.”

“मग?”

“मग माजी बदली झाली. पर शब्द घेतल्याबिगर सोडला न्हाई.”

मामांना एकदम काहीतरी सुचलं. “पुरावा पायजे न्हवं? देतो पुरावा. टेंपोचं फाळकं उघडा रं!”

टेंपोत मामाचा आहेर होता. भाचीला संसाराला म्हणून मामानं एक मेंढी दिली होती. हरणी तिचं नाव. पांढरीशुभ्र, गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर हळदी-कुंकवाचा मळवट. हरणी खाली उतरली आणि सगळं वऱ्हाड न्याहाळत उभी राहिली. तिच्यात आणि नवरीत फरक एवढाच होता, की तिनं मान खाली घातली नव्हती.

“ही माज्या हातची मेंढी,” मामांनी जाहीर केलं. “हिच्याम्होरं पेंढी ठिवा. हुकमाबिगर तोंड लावणार न्हाई. मेंढी पेंढी खाती हे तुजं गृहीतक, पोरी, हितंच खोटं पडतंय.”

‘गृहीतक’ हा शब्द ऐकून जयराज चमकला. हाच शब्द शिवांजलीच्या कोड्यांत दर आठवड्याला असायचा.

“ठीक हाय,” अंकिता म्हणाली. “प्रात्यक्षिक करू. पर लांडगा पायजे.”

लांडगा म्हणून आप्पासोंचं कुत्रं आणलं. ते बिस्किटावर वाढलेलं होतं. हरणीनं त्याच्याकडं एकदाच बघितलं आणि लांडगा टेंपोखाली जाऊन बसला.

“ह्यो लांडगा?” मामा म्हणाले.

“प्रतीकात्मक हाय,” अंकिता म्हणाली.

“सुधारलाय, म्या म्हणलं न्हवतं?” तानुबाई म्हणाली.

नदी म्हणून रांगोळी आणि उंबरठा यांच्यामधली फरशी धरली. नाव म्हणून सिमेंट वाहायचा ढकलगाडा आला आणि नावाडी म्हणून आबांनी आपण होऊन नाव दिलं. त्यांनी गाडा उचलून “नाव तय्यार!” असा पुकारा केला, तेव्हा गल्लीच्या टोकाची माणसंही जेवण सोडून धावत आली. कडब्याची पेंढी उंबरठ्याजवळ ठेवली. नवरा-नवरीला सगळे विसरले. त्यांना बाजूला सरकायला सांगण्यात आलं, कारण ते नदीत उभे होते.

“सोडा मेंढी!” मामांनी हुकूम दिला.

हरणी निघाली. ऐटीत, घुंगरू वाजवत. पेंढीजवळ आली, पेंढीचा वास घेतला आणि पेंढीला ओलांडून पुढं गेली.

“बगा!” मामांनी आभाळाकडं हात केले. “लावलं का तोंड? लावलं का?”

हरणीनं पेंढीला तोंड लावलं नाही, हे खरंच. तिनं मापाला लावलं. काठोकाठ भरलेला नवा तांदूळ तिच्या नाकासमोर होता. दोन घास झाले, तिसऱ्याला तिनं पाय पुढं टाकला, माप लवंडलं, तांदूळ खळाळत आत सांडला, आणि हरणी अंकिताच्या हाताखालून वाकून, तांदळावरून, कुंकवाचा मळवट मिरवत घरात गेली.

तानुबाईचा कापरा आवाज आला.

“उजवा पाय टाकला गं बाई तिनं.”

“म्हणजे?” जयराजनं विचारलं.

“म्हंजे काय? माप लवंडलं, उजव्या पावलानं आत आली, कपाळाला कुंकू हाय. लक्ष्मी घरात गेली.” तानुबाईनं ताटाकडं बघितलं. “आन् म्या ओवाळलंबी न्हाई.”

“मग हिचं काय?” जयराजनं शिवांजलीकडं बोट केलं.

“एका लग्नात माप एकदाच ओलांडत्यात, ल्येकरा.”

“एंट्री झाली म्हंजे झाली,” आबा गाडा खाली ठेवत म्हणाले. “एंट्री खोडता येत न्हाई.”

“कायद्यानं बगितलं तर,” आप्पासो म्हणाले, “ती मेंढी आता ह्या घरची सून हाय. जातगणनेत कशी धरायची, हा पुढचा प्रश्न. ह्यावर रात्री चर्चा व्हायला पायजे.”

मामांचे डोळे पहिल्यांदा पाणावले, कारण त्यांच्या हरणीला असा मान आजवर कुणी दिला नव्हता. मग त्यांना भाची आठवली आणि डोळे लाल झाले. “आन् माजी भाची? तिनं काय मेंढीच्या मागनं घरात यायचं? मेंढरामागं फिरायला नगं म्हणून तर पोरगी बागायतीत दिली! न्हाई पाव्हणं, हे न्हाई चालायचं. शिवा, चल बस गाडीत. गाडी वळव रं!”

ड्रायव्हरनं खरंच गाडी चालू केली. त्याला कुणी जेवायला बोलावलं नव्हतं, त्यामुळं तो आधीच दुखावलेला होता.

जयराजला कोड्याचं बिंग फुटेल ही भीती आता फारच लहान वाटायला लागली. दुपारी लग्न आणि दिवेलागणीला बायको माहेरी, तीही एका मेंढीकडून हरून. आष्ट्याच्या नाक्यावर वॉशिंग सेंटर चालवणाऱ्या माणसाला हे पुढची तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाईक गाडी धुता धुता विचारणार होतं.

“मामा, थांबा…” त्यानं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावर धप्प असा आवाज झाला. पाठोपाठ कसलं तरी फाटल्याचा.

“पलंग!” आबा ओरडले.

“हरणे!” मामा ओरडले.

“माळा!” तानुबाई ओरडली, आणि ताटासकट सगळी फौज जिन्याकडं धावली. अंकिता पुढं, गाडा सोडून आबा मागं, मामा, आप्पासो, गल्ली. टेंपोखालचा लांडगाही गेला.

दारात राहिले दोघं. इतका वेळ जे दार मिळत नव्हतं, ते सताड उघडं होतं.

शिवांजलीनं पहिल्यांदा मान वर केली. “आवं, एक इचारू? मघाशी ताईंचा फोन वाजला, तुमी फोन खिशात घातल्यावर.”

जयराजनं बुटाकडं बघितलं. “आन् मामांचा फोन वाजला, तू फोन पदरात घातल्यावर.”

वरून आबांचा “डावीकडनं घेरा!” असा हुकूम ऐकू आला.

“समदी कोडी?” जयराजनं विचारलं.

“समदी. मामा रानातनं पाठवायचं, म्या तुमाला पाठवायची. मला कोड्यातलं ओ का ठो कळत न्हाई. पर तुमच्या बायोडाटात छंद लिवला हुता. मामा म्हणालं, शिकलेला जावाई हाय, निसतं ‘जेवलासा का’ इचारून चालायचं न्हाई. आन् तुमी?”

“समदी अंकीनं सोडवली. छंदबी तिनंच लिवला.”

“सोपं हुतं, ते?”

“ते मात्र माजं.”

शिवांजली पदर तोंडाला लावून हसायला लागली. आधी खांदे हलले, मग बांगड्या वाजल्या, मग तिला भिंतीला हात टेकावा लागला. चार महिन्यांत जयराजनं तिचं हसणं फक्त पिवळ्या तोंडाच्या चित्रात बघितलं होतं. खरं त्याहून बरं होतं.

“मग तुमचा खरा छंद काय?” तिनं डोळे पुसत विचारलं.

“खरं सांगू? झोप.”

“माजाबी!” शिवांजलीचा आवाज एकदम माहेरचा झाला. “दुपारची तर लय भारी लागती.”

ती खाली वाकली, सांडलेले तांदूळ ओंजळीनं गोळा करून तिनं माप परत भरलं आणि उंबरठ्यावर नीट ठेवलं. “घ्या आता उखाणा. पाठ केलाय न्हवं?”

“कुणी अडवलं न्हाई की.”

“पाठ केल्यालं वाया कशाला घालवायचं?”

जयराजनं रिकाम्या दारासमोर ताठ उभं राहून घसा खाकरला.

“आष्ट्याचा ऊस गोड, तासगावचा बेदाणा,
शिवांजलीचं नाव घेतो, अंके, दार सोड ना!”

दारानं हरकत घेतली नाही. शिवांजलीनं उजव्या पायानं माप लवंडलं आणि दोघं आत आले.

वरची फौज खाली उतरली तेव्हा दोघं सोप्यात सतरंजीवर बसून लाडू खात होते. तानुबाई जागच्या जागी थबकली. “तुमी कवा आत आलासा?”

“मगाशीच. माप लवंडून.”

“कोड्याचं उत्तर?” आबांनी विचारलं.

सगळ्यांनी अंकिताकडं बघितलं. तिच्या केसांत झेंडू होता आणि हातात गादीचा कापूस. हरणीनं पलंगाच्या माळा खाल्ल्या होत्या, त्या जड झाल्यावर नव्या गादीवर चार पाय पसरले होते आणि नंतर जे करायचं तेही तिथंच केलं होतं. मामांशिवाय कुणीही तिला उठवू शकत नव्हतं आणि मामा “दमलीया, ऱ्हाऊ द्या” म्हणत होते.

अंकितानं एकदा भावाकडं, एकदा जिन्याकडं बघितलं. “प्रश्न रद्द,” ती म्हणाली. “अंतिम उत्तरतालिकेत असंच करतात. प्रश्न चुकला की रद्द, आन् समद्यांना पुरे गुण.”

“मंग लक्ष्मी कोण?” तानुबाईनं विचारलं.

“दोघीबी. समद्यांना गुण म्हणलं न्हवं?”

मामांची मिशी सैल झाली. ड्रायव्हरला जेवायला वाढलं.

“पर ह्या पोरांनी झोपायचं कुटं?” आबांनी विचारलं. “वरच्या खोलीत तर आता उभं ऱ्हावत न्हाई.”

“मला चालतंय,” अंकिता घाईनं म्हणाली. “वासाचं काय न्हाई. अभ्यासिकेत परीक्षेच्या आधी याहून वाईट येतोय.” आणि कुणाचं मत बदलायच्या आत ती जिन्याखालची चळत उचलायला गेली.

जेवणं झाल्यावर सोप्यात अंकिता आणि मामा समोरासमोर बसले होते. लांडगा अजून मिटला नव्हता.

“मामा, तुमी हरकती काढण्यात हुशार. कोडं घालायचं म्हणलं तर येगळं डोकं लागतंय.”

“आन् सोडवायला? तुज्यापरास आमचं जावाई दसपटीनं बरं. त्येंनी मगाशी लांडगा बघूनच वळखला. थांब, आता बगच.”

मामांनी फोन काढला आणि मेंढरं वाड्यात घालावीत तसं एका बोटानं एकेक अक्षर आत ढकलायला लागले. ‘दोन बाप आन् दोन ल्योक बाजारातनं तीन मेंढरं घिऊन आले. परत्येकाच्या वाट्याला एक आख्खं मेंढरू आलं. कसं?’

स्वयंपाकघरात शिवांजलीचा फोन वाजला. तिनं वाचलं, शेजारी पाटावर डुलक्या घेणाऱ्या जयराजला कोपरानं ढोसलं आणि पाठवून दिलं. जयराजनं अर्धवट डोळ्यांनी ते पुढं ढकललं.

सोप्यात टुंग झालं.

“थांबा मामा, जरा म्हत्त्वाचं काम आलंय,” म्हणत अंकितानं फोनवर नजर टाकली. मेंढरं बघून तिला हसू आलं. लग्नाच्या दिवशीसुद्धा वहिनी काही सोडत नाही! तिनं तिथल्या तिथं लिहिलं: ‘आजा, बाप आणि नातू. माणसं तीनच.’

स्वयंपाकघरात उत्तर आलं. जयराजनं ते शिवांजलीला दिलं आणि पुन्हा डोळे मिटले.

“आवं,” तिनं त्याला हलवलं, “त्ये राहिलं की.”

“काय?”

“तुमचं वाक्य.”

सोप्यात ढोल कडाडला, हुर्र्र् झालं. मामांनी फोन लांब धरून वाचला आणि मांडीवर थाप मारली. “आलं! पाच मिंटात आलं! पोरी, ह्येला म्हणत्यात डोकं!” त्यांनी स्क्रीन अंकिताच्या नाकासमोर नाचवला. “आन् खाली लिवलंय काय बग. सोपं होतं, म्हंत्यात!”